तुझ्या पायांना मुंग्या यायच्या

आई, तीन वर्षं मी मासे-मटण, अंडी काही खाल्लं नाही. हे ऐकून तुला आनंद होईल की काळजी वाटेल, मला ठरवता येत नाही. तुझ्यासारखं देवासाठी नाही सोडलं, कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून सोडलं. मूग, मसूर, चवळी, सोयाबीन. दूध तुझ्यासारखंच मलाही पचत नाही, म्हणून चहासुद्धा कोरा. रक्ताचा रिपोर्ट सुधारला, वजन उतरलं आणि मी शेजारणींना उपदेश करत सुटले.

बाबा गेले आणि तू माळ घातलीस. लालबागच्या खोलीत आमच्यासाठी मात्र बांगडे शिजतच राहिले. कालवण उकळतंय, तू वाकून वास घेतेस आणि न चाखता म्हणतेस, "मीठ कमी आसा गो, चिमूटभर घाल." तुझा अंदाज कधी चुकला नाही. त्या कौतुकात तुझ्या ताटात काय आहे ते कोणी पाहिलं नाही. भात, वरण, काळ्या वाटाण्याची उसळ, बस्स. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. जिन्यात चप्पल सुटायची आणि तू तशीच वर यायचीस. "माका कळलाच नाय," म्हणून हसायचीस. पुढे विसरायलाही लागलीस. शेजारची मावशी हात जोडून म्हणाली, "हिचं चित्त आता विठ्ठलापाशी." आम्हाला ते पटलं, बरंही वाटलं. शेवटी तू अंथरुणातून उठलीच नाहीस.

गेल्या महिन्यात मी बाजारातून घरी आले, तर सून म्हणाली, "अहो आई, एकच चप्पल?" मी पायाकडे पाहिलं आणि त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "डाळींतून प्रोटीन मिळतंय, पण बी-ट्वेल्व्ह डाळीत नसतं. मासे, अंडी, दूध सगळंच बंद, मग गोळी तरी घ्यायची." इंजेक्शनं सुरू झाली. परवा तळव्याला फरशीचा गारवा लागला आणि मी ढसाढसा रडले. सुनेला वाटलं, आनंदाने.

डाळी मी सोडलेल्या नाहीत, आता गोळीही घेते. तुझ्या माळेचा मला राग नाही. तुला हेच झालं होतं की दुसरं काही, कोण जाणे. तुझं रक्त आम्ही कधी तपासलंच नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून सांगते. डॉक्टरांना मी धीर करून विचारलं, "तेव्हा इंजेक्शन दिलं असतं तर माझी आई चालली असती का?" त्यांनी चष्मा काढला, बोलायला तोंड उघडलं, आणि मी पर्स उचलून बाहेर निघून आले.