‘या’ म्हणायचं राहिलं

१८ सप्टें. १९३९
गेले. ह्यांनी गिरणी सोडून पलटणीत नाव घातलं ते मला न विचारता. खेचरं हाकायची म्हणे. सगळी चाळ निरोपाला दारात, आणि मी चुलीपुढं पाठ करून. उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "येतो गं." बाईनं "या" म्हणायचं असतं. नाही म्हटलं. सासूबाई ओरडल्या, "म्हन की गं, मिठाची गुळणी धरलीस व्हय तोंडात!" तोवर टांगा हललासुद्धा.

२ ऑक्टो.
छावणीतून पाकीट. आत सहा कोरी कार्डं, पत्ता त्यांनीच घातलेला. चिठ्ठी : ‘गोदे, नवऱ्याचं नाव लिहिलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणशील, म्हणून मीच लिहून धाडतो. आता सबब नको.’
पहिलं लगेच टाकलं. ‘इकडील सर्व खुशाल.’ बास. राग गेलेला नाही.

२० ऑक्टो.
पोस्टमनकाका आलेलं कार्ड ओट्यावर मोठ्यानं वाचतात, चाळ कान देऊन ऐकते. ह्यांना खेचरानं लाथ मारली, मांडी सुजलीय. बायका हसल्या. मीही हसले आणि आत येऊन रडले. सकाळी एक कार्ड टाकलं, संध्याकाळी आणखी एक. हळद लावा, मागनं जाऊ नका जनावराच्या.

१५ नोव्हें.
दिवाळीत दोन गेली. सहावं आज सासूबाईंनी सांगून सांगून भरवलं. वैरागच्या मावशीचा गुडघा, शेळीला दोन करडं, शेजारणीच्या करंज्या कशा फुटल्या. मला ओळीभर जागा उरली नाही. असू दे, पुढच्या कार्डावर...
पुढचं कार्ड कुठंय, बये!

२७ नोव्हें.
आजचं कार्ड पोस्टमनकाकांच्या हातातून ओढूनच घेतलं. ‘पंधरा दिवसांत बोटीवर चढवणार आहेत. तुझी सहा कार्डं आली. त्यात ‘या’ कुठं दिसलं नाही. तेवढं धाड, मग निघतो.’
मेला तो राग!
पत्ता कोणाकडून घालून घेऊ? पोस्टमनकाका कार्ड ओढलं म्हणून फुगून गेले. चाळीत लिहिणारे कारकूनभाऊ एकटे, ते अक्कलकोटला, पंधरवडाभर नाहीत. टपाल चारला निघतं. नवं कार्ड आणलं. ‘या. लवकर या. त्या दिवशी माझं चुकलं.’ पत्त्यात नंबर, तुकडी, छावणी. नावाची जागा कोरी. पलटणीत माणूस नंबरानंच ओळखतात की.

६ डिसें.
कार्ड परत आलं. वर शेरा, नाव नाही.
गोदे, तुझ्यासारखी बिनडोक तूच. नऊ दिवस गेले फुकट.
बसले आणि लिहिलं नाव. ह्यांचं. जन्मात पहिल्यांदा. चार अक्षरं, तरी दुसरं अक्षर फराटलं. स्टेशनपर्यंत पळत जाऊन तिथल्या पेटीत टाकलं. आयुष्य कमी करायचं तर माझं कर रे देवा.

१३ डिसें.
बोट सुटली असेल. कार्ड आधी पोचलं का बोट आधी सुटली, दिवसभर हेच. भाकरी दोनदा करपली.

२९ डिसें.
हे कार्ड परत आलं नाही. म्हणजे पोचलं? का कुठं पडून... त्यांचंही काही नाही. महिना झाला.
आज राहवेना. सासूबाईंना सांगून टाकलं, नाव लिहिलं मी. वाटलं झिंज्या धरतील. तूर पाखडत होत्या. सूप तसंच मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, "म्या तुज्या सासऱ्याचं नाव जल्मात घेतलं न्हाई. म्हनून जगले व्हय ते?"
मी सूप त्यांच्या मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं.
मग माझ्या हाताला धरून उंबऱ्यापाशी नेलं. "म्हन आता."
दारात कोणी नव्हतं. समोर नळावर बायकांची भांडणं चाललेली. मी "या" म्हटलं.
"मोट्यानं म्हन की. लांब हाय त्यो."
मोठ्यानं म्हटलं. भांडायच्या थांबून नळावरच्या बायका आमच्याकडं बघायला लागल्या.