लुकमा दिला नाहीत

उस्ताद, हे मराठीत लिहितोय, कारण तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं. माझा राग तुमच्या हाती लागावा आणि तुम्ही त्यातही चुका काढाव्यात, हे मला नको.

औशाच्या मशिदीत मी पहिल्यांदा तरावीह पढवायला पुढे उभा राहिलो. रमजानभर रात्रीच्या इशानंतरच्या या नमाजेत अख्खं कुराण तोंडपाठ म्हणायचं, आणि म्हणणारा अडला तर मागे उभ्या हाफिजानं, म्हणजे कुराण पाठ असलेल्यानं, हळूच पुढचा शब्द द्यायचा. हा लुकमा. मी अडलो. मागे तुम्ही. आयत पुन्हा सुरुवातीपासून उचलली, पुन्हा तिथंच अडकलो. तुम्ही घसा साफ केलेला मला ऐकू येतोय, शब्द मात्र येत नाही. शेवटी आयत अर्धीच सोडून तसाच कमरेत वाकून रुकूत गेलो. नमाज संपल्यावर सगळ्यांदेखत तुम्ही म्हणालात, "इसका कच्चा है. कल से मेरा बेटा पढ़ाएगा." माझे वडील मान खाली घालून टोपीच्या घड्या घालत बसले होते.

त्यानंतर मी कधी पुढे उभा राहिलो नाही. नांदेडला आलो, मराठी शाळेत मास्तर झालो. झोपेतून उठून, पहाट व्हायच्या आत पढायची तहज्जुद तुम्हीच शिकवली होती. ती कुणावर सक्तीची नाही, रमजान असो वा नसो. म्हणून त्या वेळची दुआ लवकर पोचते, असं तुम्ही सांगायचात. मी बाराही महिने उठलो आणि तुमची तक्रार पोचवली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही मागे घेतली नाही.

यंदा आमच्या मोहल्ल्यात तरावीहला तुमचा मुलगा आला. मागे उभं राहायला मला सांगितलं. अल्लाहनं ताट वाढून पुढ्यात ठेवलं होतं. चांगला ऐकणारा क्षणभर थांबतो, पढणाऱ्याला आठवू देतो. मी थांबायचो नाही. त्याची जीभ जरा अडखळली की शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा शब्द फेकायचो. लोक माझ्या पाठांतराची वाहवा करायचे, त्याचे कान लाल व्हायचे. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

एकदा नमाजेनंतर जानमाजच्या चटया गोळा करताना त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. वाटलं, आता भांडणार. तो म्हणाला, "आप हैं तो इज्जत बच रई मेरी. अब्बा तो चुपच खड़े रहते थे. मेरे पीछे भी." मग त्यानं सांगितलं, मी औसा सोडल्यावर तुम्ही त्यालाही तसंच लटकवलंत, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः पुढे उभे राहिलात.

इतकी वर्षं मला वाटायचं, पोराला पुढे करायला तुम्ही मला पाडलंत. त्यात निदान बापाची माया तरी होती. तीही नव्हती! सूड घ्यायला मिळालेला एकुलता एक माणूस, तोही तुम्ही आधीच उष्टा करून ठेवलेला.

माफी मिळणार नाही. तहज्जुदला आता त्याची तक्रारही माझ्या तक्रारीला जोडतो. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून एक सांगून टाकतो. काल तो पुन्हा अडला. शब्द माझ्या ओठांवर होता. मी थांबलो, आणि त्याला तो आपला आपण सापडला. मला फार बरं वाटलं. हे तुम्हाला कळू नये, म्हणूनही मराठीत.