भिंत सहासष्ट, लूज चार

४ नोव्हेंबर, सकाळी

आजपासून रागावणं बंद. डॉक्टर बीपीचं काहीतरी म्हणाले म्हणून नव्हे. मला स्वतःलाच तसं वाटलं म्हणून.

त्याच दिवशी, दुपारी

धाकट्या भावाचा फोन. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, आता ती वॉकर घेऊन घरातल्या घरात चालते. ठरल्याप्रमाणे पंचवीस तारखेला तिला माझ्याकडे आणून सोडणार. इथपर्यंत ठीक. पुढे म्हणतो, दादा, तुझ्याकडे बसायला धड जागा नाही, तिला दोन दिवस राहून बघू दे, जमलं तर हिवाळाभर राहील, नाहीतर मी परत घेऊन जाईन. राहून बघू दे म्हणजे काय? मी थोरला मुलगा आहे, लॉज नाही.

आई दहा वर्षं त्याच्याकडे आहे, कारण त्याचं घर मोठं. माझं लहान. मान्य. पण लहान घरातसुद्धा आईला हिवाळाभर ठेवून दाखवतो की नाही बघाच.

निर्णय: पंचवीसच्या आत हॉलमध्ये छोटा, सुबक, स्टायलिश सोफा. जुना, स्प्रिंगा वर आलेला, उद्याच भंगारात. बायको म्हणाली, आधी नवा तर येऊ दे. पुढचा विचार करायची सवयच नाही तिला.

५ नोव्हेंबर

हॉलचं माप घेतलं. दुकानातली टेप, दुकानातलीच मापांची वही. एकतीस वर्षं जेंट्स टेलर आहे मी. बाहेरचा दरवाजा आणि आतला दरवाजा यांच्यामधली भिंत बरोबर सहासष्ट इंच. वहीत रकाने शर्ट-पँटचेच, त्यामुळे ‘कंबर’खाली लिहिलं. भिंत ६६, लूज ४, एकूण ७०. आवळून बसणारी वस्तू मी गिऱ्हाइकाला कधी दिली नाही, स्वतःच्या घराला कशाला देऊ?

जुना सोफा गेला. संध्याकाळी चटईवर बसून चहा घेतला. उठताना गुडघे वाजले. थंडी वाढलीय.

७ नोव्हेंबर

शोरूम. सेल्समन माझ्या मुलाच्या वयाचा असता, मला मुलगा असता तर. पहिला प्रश्न, घरात कोण कोण बसणार? मी म्हटलं, तुला काय करायचंय? दुसरा प्रश्न, वयस्कर कोणी आहे का, असेल तर उंच सीट आणि हाताला आधार असलेलं घ्या. आम्ही पँट शिवताना कोण घालणार विचारतो का? विचारतो, पण ती गोष्ट वेगळी.

बायको एका भयंकर खुर्चीवजा सोफ्यावर बसली. उंच, ताठ, दोन्ही बाजूंना लाकडी हात. बसली, उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. आईंना हेच बरं पडेल, म्हणाली. मी म्हटलं, हे दवाखान्याच्या बाहेर ठेवतात. आपल्याकडे आई येणार आहे, पेशंट नाही.

तिला राग आला. परतीच्या वाटेवर बाहेर तोंड करून बसली. मी मात्र शांत होतो. रिक्षावाल्याशी वाद झाला तो निराळा, त्याची चूक होती.

९ नोव्हेंबर

सोफा करूनच घेणार. दुकानाच्या मागच्या गल्लीत एक सोफावाला आहे, तोंडात कायम खिळे धरून बोलतो. कॅटलॉगमधला फोटो दाखवला. बुटका, बारीक पाय, बसायची उंची जेमतेम चौदा इंच, राखाडी कापड, कडेला पायपिंग. लहान हॉलमध्ये बुटकी वस्तू ठेवली की छत उंच वाटतं. हे मला कुणी सांगितलेलं नाही, नजरेचा भाग असतो.

मापाची चिठ्ठी दिली. तो म्हणाला, एकदा येऊन भिंत बघून जातो. माझी सटकली. म्हटलं, बाबा रे, माझ्या मापाच्या सुटात लोक बोहल्यावर उभे राहिलेत, एकाचीही शिवण उसवली नाही. त्याने खिळे या गालातून त्या गालात घेतले आणि चिठ्ठी खिशात ठेवली.

घरी बायको म्हणाली, उंचीचं तरी आईंना एकदा विचारा. स्वतःच्या आईबद्दल मी विचारत बसू? आईला मी जन्मापासून ओळखतो.

१२ नोव्हेंबर

धाकटा पुन्हा फोनवर. फिजिओथेरपीवाली बाई म्हणते, आईचे गुडघे कमरेच्या खाली राहिले पाहिजेत, सीट अठरा-एकोणीस इंच हवी, खाली हवीच नाही. मी फोन ठेवला. हा विम्याच्या ऑफिसात फायली सरकवतो, आयुष्यभर रेडिमेड पँट घालतो आणि खालून दुमडतो. हा मला इंच सांगणार.

१६ नोव्हेंबर

सोफा पंधराला मिळणार होता. सोफावाला म्हणतो, फोम आला नाही, गुरुवारी या. फोम आला नाही म्हणे. शब्दाला काही किंमत असते की नाही माणसाच्या?

दुपारी बँकेतला कॅशियर दुकानात येऊन तोंड वाजवून गेला. त्याच्या दोन पँटा तीन आठवडे पडून आहेत. त्याला म्हटलं, साहेब, अस्तर आलं नाही, गुरुवारी या. तो म्हणाला, गेल्या तीन गुरुवारी आलो. लोकांना धीर कसा तो नाही.

गुरुवार हा आमच्या धंद्यातला जुना शब्द आहे. तो वार नाही, तो दिलासा आहे. पण सोफावाल्याने तो माझ्यावर वापरावा?

१८ नोव्हेंबर

बायकोने शेजारणीकडून हात असलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची मागून आणली. पिवळी. चटईवर बसून तिची कंबर धरली म्हणे. मी सांगितलं, सोफा आला की ही खुर्ची त्या क्षणी परत जाणार. तोपर्यंत मी तिच्यावर बसणार नाही.

बसलो. पाच मिनिटं. चहापुरता.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सोफा आला. दिसायला देखणा, मानावंच लागेल. चार माणसांनी आत आणला, भिंतीला लावला. बसेना. बाहेरच्या दरवाजाकडे सरकवला तर दरवाजा अर्धाच उघडतो. आतल्या दरवाजाकडे सरकवला तर चार इंच वाटेत येतो.

सोफावाल्याचा असा काही पाणउतारा केला की वरच्या मजल्यावरचे खाली आले. त्याने स्टीलची टेप काढून भिंत मोजली, सहासष्ट. सोफा मोजला, सत्तर. मग खिशातून चिठ्ठी काढली. माझं अक्षर. सत्तर. जपून ठेवली होती मेल्याने.

मी समजावून सांगितलं, की आमच्यात मापाला लूज धरतात. तो म्हणाला, कपडा माणसाच्या बाहेरून असतो, सोफा भिंतीच्या आत बसतो. आणि भिंत काही जेवण झाल्यावर फुगत नाही. वरच्या मजल्यावरचे हसले. बायकोही हसली, ते मी लक्षात ठेवलंय.

आतल्या दरवाजाकडे सरकवून ठेवला. आल्यागेल्याला बाहेरचा दरवाजा आधी दिसतो. आत जाणारे आपण घरचेच, थोडं अंग चोरून जाऊ. उलट त्यामुळे हॉल भरल्यासारखा वाटतो.

२२ नोव्हेंबर

सोफ्यावर बसायचा सराव करतोय. बसताना काही त्रास नाही. उठताना आधी पुढे वाकायचं, मग एक हात जमिनीवर टेकायचा, मग कुठल्यातरी गोष्टीचा राग आणायचा. तिसऱ्यांदा बायकोकडे बघूनच उठता आलं. ती म्हणाली, आईंना हे कसं जमणार? मी म्हटलं, आई माझ्यासारखी रागीट नाही, तिला वेगळी पद्धत सापडेल.

पिवळी खुर्ची परत करायला सांगितली. तिने गॅलरीत नेऊन तिच्यावर कपडे वाळत घातले. मला दिसलं नाही असं तिला वाटतं.

२५ नोव्हेंबर

आई आली. अकरा वाजता.

किती बारीक झालीय. ब्लाउज खांद्यावरून उतरतोय, दोन्ही बाजूंनी एकेक इंच आत घ्यायला हवा. मी तिला हात धरून सोफ्यावर बसवलं. ती आत रुतली, गुडघे वर आले. छान आहे रे, मऊ आहे, म्हणाली. धाकट्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलंच नाही.

आईला पायपिंग दाखवलं. कापड कुठलं, शिवण कशी दुहेरी घ्यायला लावली, सगळं सांगितलं. ती हं हं करत होती. मधेच पुढे वाकायची, सोफ्याच्या कडेला हात लावायची, पुन्हा मागे टेकायची. मला वाटलं, शिवण तपासतेय. मी आणखी सांगत बसलो. तिने बायकोला दोनदा हाक मारली, अगदी हळू. बायको आत भांडी घासत होती, तिला ऐकू गेली नाही. मला गेली. मी म्हटलं, आई, मी आहे ना, मला सांग. ती म्हणाली, काही नाही रे, तुझं चालू दे.

मग तिने सांगितलं, बाथरूमला जायचंय. मी हाताला धरून ओढलं, धाकटा ओरडला, हात ओढू नकोस. मी त्याच्यावर ओरडलो. दोघांनी मिळून उभं केलं. वॉकर आतल्या दरवाजाशी नेला तर तो सोफ्याच्या कोपऱ्याला अडकला. चार इंच. मी सोफ्याला लाथ मारली, तो हलला नाही. धाकट्याने वॉकर आडवा केला, मी सोफा ओढायला लागलो, बायको साबणाच्या हातांनी धावत आली.

तोवर उशीर झाला होता. आई सोफ्याला टेकून उभी होती, तिला धरवलं नाही.

आई रडली नाही. सोफ्याकडे बघून मला म्हणाली, तुझं नवीन कापड खराब केलं रे मी, सॉरी.

संध्याकाळी

बायकोने आईला स्वच्छ करून, साडी बदलून गॅलरीतल्या पिवळ्या खुर्चीवर बसवलं. तिथून आई स्वतः दोनदा उठली. कुणाला हाक न मारता.

कापडावर डाग पडला नाही. राखाडी घेतलं ते बरं केलं. हे वाक्य लिहिलं आणि मग पुढे काही सुचेना. खापर कुणावर फोडायचं याचा विचार केला. सोफावाल्यावर फुटेना. धाकट्यावर फुटेना. राग होता, पण ठेवायला जागा नव्हती.

२६ नोव्हेंबर

आई धाकट्याबरोबर परत गेली. दोन दिवससुद्धा नाही. जाताना म्हणाली, घर छान आहे तुझं, मी बरी झाले की येईन. चौऱ्याहत्तर वर्षांची आहे.

२८ नोव्हेंबर

दुकान बंद ठेवलं. जुन्या वह्या काढल्या. एकतीस वर्षांची मापं. कॅशियरचं वाढतं पोट आहे. धाकट्याचं लग्नाच्या सुटाचं माप आहे. मेलेल्या माणसांची मापं आहेत. आईचं माप नाही. पाटीवर जेंट्स लिहिलंय म्हणून असेल.

बारा वाजता धाकट्याकडे गेलो. आई खिडकीपाशी एका खुर्चीत बसली होती. उंच, ताठ, दोन्ही बाजूंना लाकडी हात. दवाखान्याच्या बाहेर ठेवतात तसली. मी खाली बसलो आणि टेप लावली. गुडघ्याच्या मागून जमिनीपर्यंत सोळा इंच. खुर्ची अठरा. वॉकरची रुंदीही घेतली. सगळं नव्या पानावर, वर तिचं नाव घालून.

आई म्हणाली, लूज धरलंस का रे? मी म्हटलं, नाही. ती बघत होती म्हणून डोळ्यांत काहीतरी गेल्यासारखं केलं.

येताना सोफावाल्याकडे थांबलो. हात जोडले, हे लिहून ठेवतो, परत लिहिणार नाही. सोफा चार इंच कापायचा, पाय चार इंच वाढवायचे, फोम घट्ट घालायचा. त्याने खिळे काढले, हातात धरले आणि पहिल्यांदाच नीट बोलला. म्हणाला, करतो. गुरुवारी.

घरी येऊन आईला फोन लावला. म्हटलं, आई, गुरुवारी सोफा तयार होतोय, मी स्वतः न्यायला येतो.

पलीकडे ती हसायला लागली. बराच वेळ हसत होती. बाबाही टेलरच होते.