सुभाषिणीची तोंडी परीक्षा

४ डिसेंबर १९७८, सोमवार
दवाखाना, भंडारा. सुबीचा ताप उतरला. झटके पुन्हा आले नाहीत. मी घाबरलो नव्हतो. तिची आई कुंता घाबरली होती, म्हणून दिघोरीहून येताना एस.टी.त सगळा वेळ तिचा हात धरून बसावं लागलं.

डॉक्टरीणबाई साताऱ्याकडच्या. शुद्ध बोलतात. म्हणाल्या, झटक्यांनंतर पोरगी मुकी बसून आहे. अडीच वर्षांच्या मुलीला यावं ते तिला येतंय का, हे बुधवारी पाहू. ठोकळे रचायला देऊ, चित्रं ओळखायला लावू. नाही जमलं तर डोक्याच्या तपासण्यांसाठी नागपूरला पाठवावं लागेल. ‘डोक्याच्या’ हा शब्द त्यांनी जरा हळू उच्चारला. मला काही वाटलं नाही. संध्याकाळी जेवण गेलं नाही, पण ते दवाखान्याच्या वरणामुळे.

परीक्षाच आहे म्हटल्यावर निश्चिंत झालो. मास्तरकीत उमर गेली. माझ्या वर्गात तोंडी परीक्षेत कुणी नापास होत नाही. प्रश्न मीच विचारतो.

५ डिसेंबर
ठराव : आजपासून खाटेजवळ झाडीबोली बंद. घरात सगळे मले-तुले करतात, म्हणून पोरीची जीभ वळत नाही. नाव सुभाषिणी ठेवलं ते काय उगाच? डॉक्टरीणबाईंना सांगूनही टाकलं की आमच्या घरी शुद्धच बोलतात. त्यांनी कुंताकडे पाहिलं. कुंताने पदर तोंडाला लावला. लाजाळू आहे.

दुपारी सुबी आईला म्हणाली, माय, पेज. ताप आल्यापासूनचा पहिला शब्द. कुंता रडायलाच लागली. मी लगेच सुधारणा केली. नुसतं पेज नव्हे, ‘आई, मला पेज दे’ असं पूर्ण वाक्य म्हणावं, क्रियापदासकट. सुबीने तोंड मिटलं. विचार करत असावी.

कुंता म्हणाली, डॉक्टरीणबाईले सांगून येतो, पोरगी बोलली म्हणून. मी थांबवलं. अर्ध्या वाक्यावर इम्प्रेशन पडत नाही. उद्या एकदम टेस्टमध्येच चमकेल.

शेजारच्या खाटेवर बपेऱ्याच्या बेबीबाई नातवाला घेऊन आहेत. म्हणाल्या, गुरुजी, लेकरू बोलून राहिलं होतं, तुमी काहून अडवलं जी? बपेरा पार मध्य प्रदेशच्या हद्दीवर. शिक्षण तिथवर पोचायला वेळ लागणार.

६ डिसेंबर
टेस्ट झाली.

ठोकळे एकावर एक रचायचे होते. सुबीने ते चौकोनात मांडले आणि मधली जागा हाताने सारवल्यासारखी केली. मी हळूच ‘मनोरा, मनोरा’ म्हणालो. दिघोरीत मनोरा नाही, हा काही माझा दोष नव्हे.

मग चित्रं. बैलगाडी पाहून सुबी स्पष्ट म्हणाली, बंडी. आमच्याकडे बैलगाडीला बंडीच म्हणतात. डॉक्टरीणबाईंच्या मुलखात बंडी अंगात घालतात. त्यांनी मान हलवली. पुढचं चित्र लाल टोमॅटोचं. सुबी म्हणाली, भेदरं. इकडे लहानथोर टोमॅटोला भेदरंच म्हणतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भेदरलं का गं बाळ माझं? राहू दे मग. आणि पुस्तक मिटलं.

खुलासा करता आला असता. पण घरी शुद्ध बोलतात हे मीच सांगितलेलं. शिक्षकाला शब्द असा दुसऱ्या दिवशी फिरवता येत नाही. शिवाय परीक्षेत पालकांनी बोलू नये, हे मी नेहमी सांगतो. कुंता बोलणार होती. मी डोळे वटारले.

७ डिसेंबर
सकाळपासून उजळणी. बैलगाडी. टोमॅटो. बैलगाडी. टोमॅटो. सुबीने भिंतीकडे तोंड फिरवलं. कुंता कालपासून माझ्याशी बोलत नाही. आता दोघीही गप्प. अभ्यासाला शांतता चांगली.

संध्याकाळी सुबीच्या पाठीवर हात ठेवून बसलो. एकदा तरी बाबा म्हणेल असं वाटलं. म्हणाली नाही. डॉक्टरीणबाईंना खरंच काही दिसलं असेल तर? झटक्यांत खरंच काही गेलं असेल तर?

हे लिहायचं नव्हतं. थकलोय.

८ डिसेंबर
डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, नागपूरची चिठ्ठी देते, उद्या सकाळच्या गाडीने निघा.

मी मुद्देसूद निवेदन तयार ठेवलं होतं. सुरुवात ‘महोदया’ अशी होती. तोंडातून निघालं ते असं : बाई, नोका पाठवू जी तिले. बंडी म्हंजे बैलगाडी. भेदरं म्हंजे टमाटर. तिले सारं येते, मीच बोलू नाही देऊन राहिलो.

साऱ्या वॉर्डाने ऐकलं. माझा चेहरा कानांपर्यंत तापला.

बोलणं ऐकून सुबीने भिंतीकडचं तोंड वळवलं. उठून बसली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुस्तक उघडलं, ठोकळे पुढे ठेवले. सुबी धडाधड सांगत सुटली आणि कुंता एकेका शब्दाचा अर्थ सांगत गेली. ठोकळ्यांचा चौकोन म्हणजे बांधी, धानाचं खाचर. चारी बाजूंनी धुरे, म्हणजे बांध, मध्ये चिखल. डॉक्टरीणबाईंनी त्या चिखलात बोट फिरवून पाहिलं. मग हसल्या आणि म्हणाल्या, पोरगी ठणठणीत आहे, घरी न्या.

मी खाली बसलो.

जाता जाता त्यांनी माझ्याकडे बोट करून सुबीला विचारलं, आणि हे कोण?

सुबीने माझ्या लाल तोंडाकडे नीट पाहिलं. म्हणाली, बाबा भेदरं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अगदी बरोबर. कोणत्या अर्थाने, ते मी विचारलं नाही. बेबीबाई खोकला येईपर्यंत हसल्या. कुंताही हसली, आणि दोन दिवसांनी माझ्याशी बोलली : चला, पेज घ्या थोडी.

सुबीच्या वाक्यात क्रियापद नव्हतं. मी सुधारलं नाही.