बिनसाखरेचे रायआवळे

मु. पो. जानेफळ, ता. मेहकर
२६ एप्रिल

ती. सिंधूताईस, धाकट्या सहदेवचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं सांगायचं तर खुशाल होण्याच्या वाटेवर आहोत. तुझे गुडघे कसे आहेत, शेगावात ऊन किती, झोप लागते का, हे सगळं मी विचारलं असं समज (आणि उत्तर खरं दे, नेहमीसारखं ‘मले काय धाड भरली’ असं नको). हातात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू माझं दोन मिनिटं ऐकतेस आणि मला सांगायचंय तीन आठवड्यांचं. शिवाय पत्र मध्येच कट करता येत नाही.

मार्चमध्ये मनकर्णेला शुगर निघाली, हे तुला कळलंच असेल. आमची धम्मशीला बुलडाण्याला दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे ही बातमी आमच्या घरात नुसती आली नाही, अंमलबजावणीसकट आली. पुढच्याच रविवारी पोरगी घरी आली, चपला काढायच्या आधी स्वयंपाकघरात शिरली आणि साखरेचा डबा, बिस्किटांचे पुडे, पाहुण्यांसाठी लपवलेली सोनपापडी (ती कुठे लपवली होती हे मला चौतीस वर्षांच्या संसारात सापडलं नव्हतं, तिला दोन मिनिटांत सापडलं) असं सगळं एका पिशवीत भरून घेऊन गेली. जाताना मला दारात उभं करून म्हणाली, “बाबा, आईवर लक्ष ठेवजा.” मी हो म्हटलं. मी कंडक्टर होतो गं ताई, विनातिकीट माणूस मला चेहऱ्यावरून कळतो. बायकोवर लक्ष ठेवणं काय कठीण, असं वाटलं.

कठीण निघालं ते वेगळंच. मनकर्णेने चोरून काही खाल्लं नाही. तिने खाणंच सोडलं. सकाळी अर्धी भाकर, संध्याकाळी तीही नाही. जयंतीच्या दिवशी वस्तीत बुंदी वाटली, तर द्रोण हातात घेतला, पाहिला आणि शेजारच्या केसरबाईंना देऊन टाकला. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आमच्या परसातलं रायआवळ्याचं झाड तू पाहिलं आहेस, घर बांधलं त्या वर्षी तिनेच लावलेलं. दर एप्रिलला ती त्याचा मुरंबा करते आणि मेहकर ते खामगाव सगळ्या नातेवाइकांकडे बरण्या जातात. यंदा झाड असं लागलं की फांदी दिसेना, नुसते पिवळे घोसच घोस. तिने दारातून एकदा पाहिलं आणि म्हणाली, “तोडून टाका ते झाड.” मी म्हटलं, काऊन? तर म्हणे, “मले खाता येत नाही, अन् बिनासाखरेचा रायआवळा कोनी तोंडात धरत नाही. आता त्याचं काय काम?”

ताई, ती झाडाबद्दल बोलत नव्हती, एवढं मलाही कळलं. मी त्याच क्षणी ठरवलं की साखरेचा कणही न घालता हे रायआवळे मी शिजवणार आणि ही बाई ते मागून खाणार. (तोपर्यंत मी आयुष्यात फक्त चहा केला होता. धम्मशीलेच्या मते तोही केला नव्हता, पाणी तापवलं होतं.)

पहिल्या दिवशी टोपलीभर रायआवळे तोडले, मोठ्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यात घातले, पाणी ओतलं आणि चांगले तासभर उकळले. माझा विचार असा की आंबटपणा पाण्यात उतरेल, पाणी फेकू, गोडवा मागे राहील. आंबटपणा उतरला, पण पातेल्यावर. काळवंडलेलं पातेलं आतून असं लख्ख झालं की त्यात मला माझा चेहरा दिसला, आणि तो फार आशादायक नव्हता. रायआवळ्यांना नव्या नाण्याची चव आली होती. केसरबाई वासाने आल्या, आग्रहाने एक तोंडात टाकला, आणि त्यांचा डावा डोळा मिटला. तो संध्याकाळपर्यंत नीट उघडला नाही. त्यांच्या बकरीपुढे उरलेलं ठेवलं, तर तिने हुंगलं आणि माझ्याकडे पाठ करून बसली. मनकर्णा ओट्यावर बसून हे सगळं पाहत होती. हसली नाही, पण “आंबट जर्मनात शिजवत नसतात,” एवढं भिंतीकडे पाहून बोलली. झाड तोडायचा हुकूम सोडला तर तीन आठवड्यांत न विचारता बोललेलं ते पहिलं वाक्य. माझी उमेद दुप्पट झाली.

मग मला युक्ती सुचली. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे, गुळाचं नाव कुठे काढलं? मेहकरला जाऊन गुळाची छोटी ढेप आणली, स्टीलचं पातेलं घेतलं, आणि काय सांगू ताई, असा लालभडक, चकचकीत रस झाला की मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली असती, हात पोचला असता तर. अभिमानाने फोटो काढून धम्मशीलेला पाठवला. दोन मिनिटांत फोन आला. “बाबा, गुळानं शुगर वाढत नाही असं कोनं सांगतलं तुमाले?” मी म्हटलं, तो नैसर्गिक असतो. ती म्हणाली, “विंचूबी नैसर्गिकच असते.” पातेलं केसरबाईंकडे गेलं. (या वेळी दोन्ही डोळे उघडे राहिले आणि पातेलं धुऊन परत आलं.) पुढच्या आठवड्यात खजूर घालून पाहिला. खजूर म्हणजे फळ, फळात कसली साखर? पुन्हा फोन. दोन खजूर चालतील म्हणाली. मी अर्धा किलो घातला होता.

कुणीही इथे नाद सोडला असता. मी चौतीस वर्षं मेहकर डेपोची गाडी पावसाळ्यात, चिखलात, टायर फुटून, वेळेवर नाही पण मुक्कामाला पोचवली आहे. मी रायआवळ्यांसमोर खुर्ची टाकून बसलो आणि विचार केला. गोड करायचंच कशाला? मुरंबा साखरेशिवाय होत नाही हे मान्य, पण रायआवळ्याने मुरंबाच व्हावं असा काही कायदा नाही. आंबट कमी करायचं आणि सोबतीला असं काही द्यायचं, की जिभेला भांडायला सवड मिळू नये. मग रायआवळे टोचून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले. सकाळी ते पाणी फेकलं, एक उकळी दिली, तेही पाणी फेकलं, बिया काढल्या. आणि कांदे चिरले, सहा. ते तेलावर अगदी मंद आचेवर परतत बसलो. कांदा पाऊण तास धीर धरून परतला तर तो गोड होतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्यात रायआवळे, तिखट, भाजलेली बडीशेप, तीळ आणि मूठभर शेंगदाण्याचं कूट. शिजता शिजता ते दाट झालं, कडेने तेल सुटलं, आणि घरात मुरंब्याचा नाही पण स्वयंपाकाचा वास आला. महिनाभराने.

गरम भाकर (ती केसरबाईंची, माझ्या भाकरीचा विषय वेगळ्या पत्रात) ताटात ठेवली, शेजारी चमचाभर ते, आणि ताट मनकर्णेपुढे सरकवून परसात निघून गेलो. झाडाखाली उभा राहून उगाच पानं मोजत होतो. जणू तिकीट तपासनीस गाडीत चढला आहे आणि माझीच बॅग उघडतोय. बऱ्याच वेळाने आतून हाक आली, “अहो, मीठ कमी हाय!”

धावत गेलो. भाकर संपली होती. बाईसाहेब चुलीपुढे उभ्या होत्या, पदर खोचलेला, माझं उलथनं हातात घेत म्हणाल्या, “सरका. अन् उद्या आनखी एक टोपली तोडून ठेवा. झाड तोडाची घाई करू नका.” ताई, मी बाहेर जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

आता रोज भाकर होते, संध्याकाळी दोघं माळावर चालून येतो, गोळी वेळेवर जाते. शुगर उतरायला लागली आहे. धम्मशीला म्हणते ते गोळीने आणि चालण्याने. मी वाद घालत नाही.

तुझा आज्ञाधारक (या वेळी खरोखर),
सहदेव

ता. क. : बरणी पोस्टाने पाठवत नाही, गळेल. येत्या गुरुवारी पहिल्या गाडीने स्वतः घेऊन येतो.

दुसरा ता. क. : तुझा नातू प्रसेनजित याने मला सांगितलं (त्याला रागावू नको, मी शपथ घालून काढून घेतलं) की तुझ्या पायाची जखम दीड महिन्यापासून भरत नाही आणि तू तांब्यावर तांबे पाणी पितेस. मनकर्णेचं असंच सुरू झालं होतं. हे सबंध पत्र मी एवढ्यासाठीच लिहिलं. गुरुवारी आपण दोघं रक्त तपासायला जायचं आहे. उपाशीपोटी. चहा पिऊन बसशील हे मला माहीत आहे, म्हणून बुधवारीच मुक्कामाला येतो.

तिसरा ता. क., मनकर्णेच्या हातचा : वन्सबाई, जयभीम. यायनं पत्र वाचाले देल्लं म्हनून दोन ओळी लिवतो. चमचाभर म्हनतात ते वाटीभर होतं. अन् एक गोष्ट यायनं लिवलीच नाही. गुळाचं, खजुराचं समदं पातेलं केसरबाईकडं गेलं नाही, चाखून चाखून अर्धं यायच्याच पोटात गेलं. गेल्या रविवारी धम्मशीलानं यायचंबी रक्त पाह्यलं. माह्यापेक्षा जास्त निघालं. तुमाले सांगू नोको म्हनतात. तर तुमी लाजू नका, दोघं बहीणभाऊ एकाच बाकावर बसा, अन् पह्यले यायचं बोट पुढं करा.