थंड गाडीची पस्तीस मिनिटं

मी, संयोगिता कृष्णात थोरबोले, वय ६६ वर्षे, निवृत्त परिचारिका, राहणार पलूस, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी स्मृती जागेवर आहे. साखर थोडी वाढलेली आहे आणि डावा गुडघा दुखतो, परंतु या दोन्हींचा बुद्धीशी संबंध नाही, असे डॉ. शंभूराज निकम यांनी तपासून सांगितले आहे. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. या घरात माझ्याशिवाय कोणी राहत नाही, त्यामुळे भरीस घालायलाही कोणी शिल्लक नाही.

कलम १. मार्च २०२३ मध्ये मी एक मृत्युपत्र केले होते. ते या लेखाने रद्द करते. का रद्द केले ते पुढे येईल. वाचणाऱ्याने मधली पाने सोडून तिथे जाऊ नये. आधीचे वाचल्याशिवाय ते समजणार नाही.

कलम २. पलूस येथील माझे दोन खोल्यांचे घर, त्यातील सामान, बँकेतील ठेव आणि अंगावरचे दागिने माझी एकुलती मुलगी क्रांती हिला मिळावेत. ती बंगळुरूला असते. दर रविवारी फोन करते. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, विचारते. मी हो म्हणते आणि बोलणे तिथेच संपते. यात तिचा दोष नाही. ती सात वर्षांची असताना तिचे वडील गेले. मी तिला कुंडलला सासूबाईंपाशी ठेवून नोकरीवर परतले. दहावीत असताना ती एकदा म्हणाली होती, "तू गावातल्या सगळ्या पोरांना आणायला जातेस, मला न्यायला कधी येत नाहीस." ते मी विसरलेले नाही. घर विकायचे तर तिने खुशाल विकावे.

माझे दहन पलूसलाच व्हावे. क्रांतीला यायला वेळ लागेल. तिच्यासाठी थांबू नये.

कलम ३. कुंडल येथील माझ्या पतीच्या हिश्श्याची तीस गुंठे जमीन, जिच्यात आज ऊस आहे, ती माझे दीर दादासो करतात. त्यांच्या हयातीत त्यांनीच करावी. त्यांच्या पश्चात ती त्यांची मुलगी राणी हिच्याकडे जावी, मुलांकडे नाही. दादासोंना याचे कारण ठाऊक आहे. इतरांसाठी लिहिते.

माझे पती कृष्णात फौजेत हवालदार होते. १९९४ साली पहाडात त्यांची गाडी दरीत गेली आणि ते वारले. त्यांची मोटारसायकल कुंडलच्या घरी उभी होती. दादासोंनी तिची किल्ली तीन महिने आपल्या करगोट्याला बांधून ठेवली. बाईमाणसाने मोटारसायकल चालवली तर लोक घरातल्या पुरुषांना हसतात, असे त्यांचे म्हणणे होते. मी तीनदा मागितली, तीनदा नाही म्हणाले. शेवटी एके दिवशी ते आंघोळीला बसले असताना सासूबाईंनी खुंटीला काढून ठेवलेल्या करगोट्याची गाठ सोडून किल्ली माझ्या हातात आणून ठेवली. "जा. कृष्णातची हाय," एवढेच त्या म्हणाल्या. त्या माउलीला द्यायला आज माझ्याकडे काही नाही. तिच्या नातीला देते आहे.

कलम ४. आता ती मोटारसायकल. १९९१ सालची, शंभर सीसीची, लाल रंगाची. कागदपत्रे लोखंडी पेटीत आहेत. कृष्णातनी ती चार सुट्ट्या चालवली, मी तीस वर्षे. त्या वेळी मी जत तालुक्यातील एका आरोग्य उपकेंद्रावर होते. वाड्या-वस्त्या लांब लांब पसरलेल्या, एसटी दिवसातून एकदा. ही गाडी आली तेव्हापासून मी बाळंतपणांना वेळेवर जाऊ लागले.

गाडीत एक खोड होती. थंडीत सुरू व्हायची, पण तग धरायची नाही. चोक ओढला की गुरगुरायची, चोक सोडला की बंद. रेस देऊन धरून ठेवली आणि गिअर टाकला की पुन्हा बंद. एकदा तापली की दिवसभर तक्रार नाही. गावातला मिस्त्री दरवेळी स्क्रू फिरवून द्यायचा आणि चार दिवसांनी परत तेच.

दिनांक ९ जानेवारी १९९७. पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी जोतीराम मोटे माझ्या दारात आला. मोटेवस्ती तिथून तीन किलोमीटर. धनगराचा पोर, पंचवीस-सव्वीसचा, अनवाणी, छाती भात्यासारखी हलत होती. "बाई, मनूला कळा लागल्यात. पानी गेलंय." मनुबाईचे ते पहिले बाळंतपण. मी पिशवी घेऊन बाहेर आले आणि गाडीला किक मारली.

गाडी सुरू झाली, बंद पडली. सुरू झाली, बंद पडली. जोतीरामने ढकलून पाहिली. माझे क्वार्टर गावाबाहेर होते, आसपास कोणी नव्हते. मध्येच तो म्हणाला, "बाई, चालत जाऊया का?" मी म्हटले, "आता होईल." त्याने पुन्हा विचारले नाही. पाय होते, वाट होती, पिशवीचे ओझेही फार नव्हते. पण तीन वर्षे मी सगळ्यांना सांगत आले होते की गाडी माझ्या हातात आहे. ती दारात टाकून चालत निघणे म्हणजे दादासोंचे म्हणणे खरे ठरवणे, असे मला त्या वेळी वाटले. दादासो तिथून शंभर किलोमीटरवर झोपले होते.

सहा पंचवीसला गाडीने दम धरला. आम्ही पोचलो तेव्हा मूल नुकतेच बाहेर आले होते. मुलगा. नाळेचे दोन वेढे मानेभोवती. मी वेढे काढले, तोंड साफ केले, श्वास दिला, वीस मिनिटे जे जे शिकले होते ते सगळे केले. मूल रडले नाही. मी चालत गेले असते तर ते वाचलेच असते, असे कोणी डॉक्टर लिहून देणार नाही. वाचले नसते, असेही कोणी लिहून देणार नाही.

त्या दिवशी दुपारी मी नोंदवही उघडली. निरोप मिळाल्याच्या वेळेपुढे पाच पन्नासऐवजी सहा पंचवीस लिहिले. शेऱ्यात लिहिले, "नातेवाईकांकडून निरोप उशिरा."

आठ दिवसांनी मोठे डॉक्टर चौकशीला आले. वस्तीवरच्या सगळ्यांसमोर, त्याच्या आईसमोर, ते जोतीरामला बोलले की तुम्ही लोक वेळेवर येत नाही आणि मग नर्सला दोष देता. जोतीरामने माझ्याकडे एकदा पाहिले. मग मान खाली घालून म्हणाला, "व्हय साहेब. आमचाच उशीर झाला."

दोन दिवसांनी तो वाटेत मेंढरांमागे भेटला. मी गाडी थांबवली. तोच बोलला. "तुमच्या आधी चार वरसं हितं कुणीबी नव्हतं बाई. तुमाला काढलं तर पुना कवा कोण येनार? तुमी ऱ्हावा." आणि मेंढरांकडे निघून गेला. मी राहिले. पुढे वीस वर्षे राहिले.

कलम ५. सदर मोटारसायकल राणीला मिळावी. ती कुपवाडच्या कारखान्यात कामाला जाते, तिला गाडीची गरजही आहे आणि कदरही. राणी, खालचे नीट वाच.

त्या उन्हाळ्यात मी गाडी घेऊन कुपवाडला लालासाहेब मिस्त्रींकडे गेले होते. त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, "मी करून देईन, पर अडचण आली की तुमी पुन्हा माझ्याकडंच येनार. बसा. खोला." दोन दिवस मी त्यांच्या दुकानात पाटावर बसून गाडी खोलली. प्लग काढला तर पांढराफटक. रक्त कमी असलेल्या बाईची पापणी उलटून बघावी तसा. म्हणजे पेट्रोल कमी पडत होते, नाहीतर हवा जास्त जात होती. पेट्रोल सोडणारा बारीक जेट साफ होता. मग त्यांनी माझ्याच पिशवीतली सिरिंज घ्यायला सांगितली. थंड इंजिन सुरू ठेवून, कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर पेट्रोलचे दोन थेंब टाकले आणि इंजिनचा आवाज बदलला. जोडाला केसाएवढी भेग होती. गाडी गार असली की रबर आकसून भेग उघडायची, जादा हवा आत जायची. तापले की भेग मिटायची. सगळे मिस्त्री गाडी तापवून स्क्रू लावायचे, म्हणून ती कोणाला सापडली नव्हती. जोड बदलायला दहा मिनिटे लागली. मी दुकानाच्या मागे जाऊन बराच वेळ रडले.

तेव्हा तो जोड दर दोन वर्षांनी बदल, चांगला दिसला तरी. बारीक जेट दर सहा महिन्यांनी हवेने साफ कर, त्यात तार घालू नकोस, भोक मोठे होते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, गाडी पूर्ण थंड असताना बघायचे आणि आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीची गती, पूर्ण तापल्यावर लावायचे. याची अदलाबदल करू नकोस. सकाळी चोक ओढून दोन किक, मिनिटभर तशीच, मग चोक हळूहळू आत. रेस देऊन तिला फसवू नकोस. एवढे करूनही कधी अडली, तर तिला फक्त दोन मिनिटे दे. तिसरे देऊ नकोस. चालायला लाग.

कलम ६. जोतीराम नोव्हेंबर २०२२ मध्ये वारला. मला त्याचे दिवसकार्य उलटून गेल्यावर कळले. मी त्याच्या बायकोसमोर कधीच खरे बोलले नव्हते. पुढच्या दोन्ही बाळंतपणांना मनुबाई माहेरी गेली, मला बोलावले नाही. मागच्या मृत्युपत्रात मी असे लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर कोणीतरी मोटेवस्तीवर जाऊन खरा प्रकार वाचून दाखवावा, आणि गाडी व काही रक्कम मनुबाईला द्यावी. लिहून झाल्यावर मला बरे वाटले होते. पुढे पुढे ते वाटणे मला पटेनासे झाले. मी मेल्यावर ऐकवायचे, म्हणजे तिने बोलायचे कोणाला?

म्हणून गेल्या डिसेंबरात मी स्वतः एसटीने गेले. मनुबाई अंगणात वाकळ शिवत होती. मला ओळखले. मी बसले आणि पाच पन्नासपासून सगळे सांगितले. नोंदवहीत काय लिहिले तेही, आणि जोतीराम मला वाटेत काय म्हणाला तेही. ती शिवत राहिली. मग सुई थांबली.

"म्या त्याला म्हनायची, वाटंत तंबाखू मळत बसला असशील," ती म्हणाली. "कायबी भांडान झालं की ह्येच काढायची. आन् त्यो म्हनायचा, आसंल."

मग तिने माझ्याकडे पाहिले. "आज सांगून तुमचं हलकं झालं बाई. माझं काय? त्यो हाय का आता, त्याला सांगाया?"

मी गाडीचे आणि पैशाचे बोलले, तर तिने हात आडवा केला. क्षमा मी मागितली. तिने दिली नाही, आणि न देण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे.

मी निघाले तेव्हा मात्र ती वळणापर्यंत मागे आली. वहीत मी लिहिलेले अजून असेल का, असे तिने विचारले. कुठल्यातरी कपाटात असेल, म्हटले. ती म्हणाली, "मग दुसऱ्या कागदावर खरं लिवा. शिक्क्याच्या. मला वाचाया येत न्हाई, पर नातवंडं वाचतील." मी मृत्युपत्राचे सांगितले. ते सरकारी कचेरीत नोंदवता येते, साक्षीदार लागतात आणि ज्याला त्यातले काही मिळत नाही तो साक्षीदार होऊ शकतो, हेही सांगितले. "मला तुमचं काय नकोच हाय," ती म्हणाली. "अंगठा म्या करते."

कलम ७. त्यानुसार मी शपथेवर लिहून देते की, दिनांक ९ जानेवारी १९९७ रोजी जोतीराम बिरू मोटे, राहणार मोटेवस्ती, हे पहाटे पाच वाजून पन्नास मिनिटांनी माझ्या दारात पोचले होते. ते तीन किलोमीटर अनवाणी पळत आले होते. वाटेत कोठेही थांबले नव्हते. चालत जाऊया, असे त्यांनी मला सांगितले होते. उशीर त्यांचा नव्हता. उशीर माझा होता, आणि वहीतील नोंद खोटी आहे. या कलमाची प्रत मी आजच खात्याला पाठवत आहे; यावर खात्याने जी कारवाई करायची ती माझ्या हयातीत करावी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी क्रांतीने करावी. कलम ७ ची एक प्रत मोटेवस्तीवर पोचवावी. वर लिहिलेले सर्व मी पुन्हा वाचले. एक शब्दही खोडण्यासारखा वाटला नाही, म्हणून खाली सही करते.

सही
संयोगिता कृष्णात थोरबोले

ठिकाण: पलूस
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार १. डॉ. शंभूराज निकम, राहणार पलूस (सही)

साक्षीदार २. मनुबाई जोतीराम मोटे, राहणार मोटेवस्ती (डाव्या हाताचा अंगठा)

संपूर्ण मजकूर मी साक्षीदार क्रमांक २ यांना वाचून दाखवला. कलम ७ त्यांच्या सांगण्यावरून दोनदा वाचले. डॉ. शं. निकम.