चेहरा ताईचा, आवाज धाकटीचा

मिरज,
१४ जून २०२३

ती. हेमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपलं दोन मिनिटांत वाजतं आणि मग महिनाभर अबोला, म्हणून लिहायला बसले आहे.

परवा मंडईत स्वानंदीच्या मैत्रिणीची, भार्गवीची, आई भेटली. स्वानंदीचा सिनेमा कुठवर आला, असं तिने मला विचारलं. कसला सिनेमा? माझी मुलगी बेंगळुरूला सर्जापूर रोडवरच्या कंपनीत नोकरी करते, एवढंच मला ठाऊक. तेव्हा कळलं की नोकरी सोडून तिला चार महिने झाले, सिनेमा तिनेच लिहिलाय, निर्मातीही तीच, आणि फ्लॅट सोडून ती तुझ्याकडे बनशंकरीला राहते. भार्गवीच्या आईने फोनवर फोटोही दाखवला. तुझ्या स्वयंपाकघरात मोठाले दिवे, ओट्यापाशी तू, आणि तुझ्या अंगावर माझी जांभळी इरकल. माझी, ताई. दिवाळीत स्वानंदी मागून घेऊन गेली, तेव्हा मला वाटलं, पोरीला आईची आठवण म्हणून हवी असेल.

तुला मूल नाही याचं मला आयुष्यभर वाईट वाटलं. पण म्हणून माझं घ्यायचं? हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

अरविंदरावांना नमस्कार. लोभ कुणावर आणि किती, ते तूच ठरव.

तुझी,
श्यामल


बनशंकरी, बेंगळुरू,
२२ जून २०२३

चि. श्यामल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांना दाखवलं नाही. त्यातलं ते वाक्य मी एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा धीर झाला नाही.

मी कुणाचं काही घेतलं नाही. फेब्रुवारीत ती दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली, मी सरी म्हटलं, बरं, राहा. तुला का नाही सांगितलं, हे तिला विचारलं. आई काय म्हणेल ते मला पाठ आहे, असं म्हणाली. रोज सकाळी कोरमंगलात जाते, कुणाकुणाला गोष्ट ऐकवते, पैसे लावाल का विचारते. बहुतेक नाही म्हणतात. घरी येते, दोन घास खाते आणि पुन्हा लिहायला बसते. अखेर तिच्या ऑफिसातल्या जुन्या मित्रमंडळींनीच मिळून पैसे उभे केले.

गोष्ट मिरजेतल्या एका आईची आहे, जिची मुलगी घर सोडून जाते. शूटिंग आठवड्यावर आलं आणि आईचं काम करणारी बाई सीरियल मिळाली म्हणून निघून गेली. स्वानंदी जिन्यात बसून होती. मावशी, तू मंडळाच्या नाटकांत काम करायचीस ना, म्हणाली. स्वल्प विचार करू दे म्हटलं, पण विचार झालेलाच होता.

आता सगळे मला हेमक्का म्हणतात. कॅमेरावाला शंतनू म्हणतो, तुमच्या चेहऱ्यावर उजेड टिकतो. या वयात कुणी असं बोललं की काय वाटतं, ते तुला पत्रातून नाही समजायचं.

इरकल नीट धुऊन ठेवते. अजून चार दिवस लागेल.

आशीर्वाद तुला पुरेसे वाटोत.

तुझी,
ताई


बनशंकरी,
५ ऑक्टोबर २०२३

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याशी खोटं बोलले, त्याबद्दल समोर बसून बोलीन. आज कामाचं लिहिते.

सिनेमा जोडून झाला आहे. मावशी पडद्यावर आली की नजर हटत नाही. पण तिने तोंड उघडलं की मिरजेची बाई थेट बनशंकरीत येते. चाळीस वर्षांचं कन्नड आहे तिच्या बोलण्यात, ते कसं जाणार? संकलन करणाऱ्या विराजने महिनाभराने शेवटी सांगितलं. त्या बाईला मिरजेचा आवाज हवा. सांगली आकाशवाणीवर लग्नाआधी बातम्यांच्या मधे बोलणारा तुझा आवाज बाबा अजून वर्णन करून सांगतात.

मुलगी म्हणून मागत नाही, तो हक्क मी घालवला असेल. निर्माती म्हणून विचारते, मावशीच्या चेहऱ्याला तू आवाज देशील का? आधी आवाजाची चाचणी घेईन, नाही जमलं तर स्पष्ट सांगेन. डिसेंबरात चित्रपट महोत्सवाला पाठवायचा आहे. आता नाही गेला, तर ज्यांनी विश्वास ठेवला त्यांना तोंड दाखवता येणार नाही, आणि दुसरा सिनेमा करायला मला कुणी दारात उभं करणार नाही.

मावशीला सांगितलं. ती उठून देवघरात गेली, जेवायला आलीच नाही.

तुझी आज्ञाधारक नसलेली,
स्वानंदी


मिरज,
१२ ऑक्टोबर २०२३

ती. हेमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

चेहरा तुझा, आवाज माझा. म्हणजे लोक बघणार तुला, आणि मी अंधारात. आधी नाहीच म्हणणार होते. मग तू जेवली नाहीस हे पुन्हा वाचलं आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की दुपारी पुरणपोळी केली. यांनी विचारलं, आज काय आहे? मी त्यांच्या पानात दुसरी पोळी वाढली. संध्याकाळी मीही जेवले नाही.

रविवारच्या चन्नम्मा एक्स्प्रेसने निघते. निर्मातीबाई चाचणी घेणार आहेत, म्हणून दही बंद केलंय. स्टेशनवर तू येऊ नकोस. तुला पाहिलं की तिथेच भांडायला सुरुवात होईल, आणि माझा आवाज बसेल.

राग धरून का होईना, जवळ धर.

तुझी,
श्यामल


बनशंकरी,
१८ मार्च २०२४

चि. श्यामल हिस,
अनेक आशीर्वाद.

तू इथे होतीस तेव्हा जे बोलता आलं नाही, ते लिहिते.

स्टुडिओत पहिल्या दिवशी मी काचेच्या अलीकडे बसले होते. पडद्यावर माझं तोंड उघडत होतं आणि त्यातून तू बाहेर येत होतीस. असा जळफळाट झाला की काय सांगू. तुला जमू नये म्हणून मी बनशंकरी अम्माला मनात नारळ बोलले. तुला पहिल्या फटक्यात जमलं.

मग तो मुलगी निघून जाते तो प्रसंग आला. गेलीस तर या घराला मुलगी नव्हती असं समजेन, हे वाक्य. तू थांबलीस. हे कुठून आणलंस, असं स्वानंदीला विचारलंस. मिरज स्टेशनवर तूच म्हणाली होतीस, असं ती म्हणाली. तू पाणी मागितलंस. मग माइकपाशी जाऊन लिहिलेलं वाक्य तू म्हटलंच नाहीस. जेवून तरी जा, एवढंच म्हणालीस. त्या दृश्यात मी पाठमोरी, ओठ दिसत नव्हते, म्हणून ते बसलं. स्वानंदीने कानावरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि पुन्हा घेऊ या असं ती म्हणाली नाही.

तुझ्या यजमानांच्या आजारपणामुळे तुला महोत्सवाला येता आलं नाही, म्हणून सांगते. त्या वाक्याला सगळ्या हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. बाहेर एका बाईने माझे दोन्ही हात धरले. कसं म्हणालात हो ते, असं म्हणून रडायलाच लागली. मी नमस्कार केला. स्वानंदी शेजारीच उभी होती, बघत होती. अखेर मीच सांगितलं, ते माझं नाही, माझ्या बहिणीचं आहे. सांगताना दाढ काढावी तसं दुखलं.

पटकथेचं पारितोषिक मिळालं तुझ्या मुलीला. मंचावर जाऊन ती म्हणाली, यातलं सगळ्यात चांगलं वाक्य मी लिहिलेलं नाही.

मला काही मिळालं नाही. असो. तुझ्या यजमानांची तब्येत आता ठीक असेल.

माझ्या मत्सरासकट आशीर्वाद घे.

तुझी,
ताई


मिरज,
२९ मार्च २०२४

ती. हेमाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. यांनाही मोठ्याने वाचून दाखवलं, नारळासकट. अम्माने ऐकलं नाही, तेव्हा नारळाचं देणं लागत नाहीस.

बातमी अशी की स्वानंदीला पुढचा सिनेमा मिळाला. या वेळी तिने कुणाच्या दारात जायच्या आधी लोकच तिच्याकडे आले. लिहायला घेतलाय, दोन बहिणींची गोष्ट आहे. तिने फोन आधी मला केला, तुला नंतर, हे मुद्दाम लिहिते. या खेपेला मला पडद्यावर घेणार आहे.

तिने विचारलं, आई, धाकटीचं काम करशील ना? मी नाही म्हणाले. साठ वर्षं तेच केलं. मला थोरलीचं काम दे म्हटलं.

धाकटीसाठी तुझं नाव मीच सुचवलं आहे. कठीण काम आहे, ताई. जमलं नाही तर विचार.

आता आशीर्वाद मी देऊ का?

तुझी,
श्यामल